पॅच ‘लागला’ म्हणजे बरोबर लागला असं नाही

गिट येतं, ब्रांच-मर्ज-रिबेस रोजचं आहे, हे गृहीत धरते. पण पॅचची (म्हणजे कोडमधले बदल लिहिलेली) फाइल हातात घेऊन ‘गिट अप्लाय’ने लावायची वेळ बहुतेकांवर नोकरी लागल्यावर किंवा एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पात हात घातल्यावरच येते. आणि तिथे रडवते ती व्हाइटस्पेस, म्हणजे स्पेस, टॅब आणि ओळीअखेरची न दिसणारी अक्षरं. अजूनही ‘पॅच डज नॉट अप्लाय’ दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो, तेव्हा तुम्हालाही आला तर बिचकू नका.

ओळी सारख्याच दिसत असूनही पॅच लागत नसेल, तर डोळ्यांवर विसंबून चालत नाही. ‘कॅट’ कमांडला ‘-ए’ (कॅपिटल ए) हा पर्याय द्या आणि पॅच व मूळ फाइल दोन्ही बघा. (मॅकवर ‘-ईटी’.) टॅब असेल तिथे टोपीवाला आय, विंडोजच्या ओळीअखेर टोपीवाला एम आणि ओळ संपते तिथे डॉलर. निम्मी भांडणं इथेच मिटतात.

उरलेल्या निम्म्यांसाठी कोणीतरी सीनियर खुर्ची न वळवता सांगतो, ‘अरे, इग्नोअर-व्हाइटस्पेस लाव ना!’ असल्या सल्ल्यांवर माझा राग आहे. सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. ‘गिट अप्लाय’चा हा पर्याय फक्त जुळवणी सैल करतो, म्हणजे पॅचमधल्या संदर्भाच्या ओळी (बदलाची जागा ओळखायला दिलेल्या आजूबाजूच्या ओळी) फाइलमध्ये शोधताना दोन स्पेस आणि एक टॅब यांना सारखं मानतो. जिथे एका बाजूला स्पेस आहे आणि दुसरीकडे मुळीच नाही, तिथे तो मदत करत नाही. स्वल्पविरामानंतर पॅचमध्ये स्पेस असेल आणि फाइलमध्ये नसेल, तर पॅच फेटाळला जातो. आणि जुळलेल्या संदर्भाच्या ओळी फाइलमध्ये होत्या तशाच राहतात, पॅचमधली इंडेंटेशन त्यांना मिळत नाही.

हे शेवटचं वाक्य वाचून पुढे जाऊ नका, कारण मी नेमकी इथेच अडकले होते. ‘गिट डिफ -डब्ल्यू’ने, म्हणजे व्हाइटस्पेसचे फरक न मोजता, काढलेला पॅच दिसायला फार देखणा असतो, स्पेसचा गोंधळ गायब आणि नेमके बदल तेवढे समोर. समजा पायथनच्या फंक्शनमध्ये दोन ओळी आहेत, चार-चार स्पेस आत. कोणी त्यांच्यावर एक ‘इफ’ टाकला, त्यामुळे दोन्ही ओळी आठ स्पेसवर गेल्या. ‘-डब्ल्यू’चा पॅच म्हणतो: एकच ओळ वाढली, ‘इफ’ची. खालच्या दोन ओळी संदर्भ म्हणून दिसतात, पण त्या नव्या फाइलमधल्या, आठ स्पेसवाल्या. जुन्या फाइलवर हा पॅच साधेपणाने लागत नाही. मग आपण इग्नोअर-व्हाइटस्पेस लावतो. लागतो! एक्झिट कोड शून्य, म्हणजे गिटच्या मते सगळं ठीक. फाइल उघडली तर ‘इफ’ आलाय आणि त्याखालच्या दोन ओळी अजून चारच स्पेसवर.

पायथन निदान इंडेंटेशनचा एरर देऊन ओरडतो. यॅमलमध्ये (सेटिंग्जच्या फाइलींचा एक प्रकार) एखादी की भलत्याच पालकाखाली बसते आणि फाइल बिनतक्रार वाचली जाते. आणखी वाईट प्रकार: बेरीज करणाऱ्या लूपनंतरचा ‘रिटर्न’ कोणी चार स्पेस उजवीकडे सरकवला. आता फंक्शन पहिल्याच फेरीत बाहेर पडतं, आणि ‘-डब्ल्यू’ला विचाराल तर काहीच बदललेलं नाही! रिव्ह्यू करताना ‘-डब्ल्यू’ खुशाल वापरा, मीही वापरते. त्यातून पॅच मात्र काढू नका. इंडेंटेशनला अर्थ असलेल्या भाषेत तर नाहीच नाही.

म्हणून पॅच लावण्याची टेस्ट लिहिताना ‘पॅच लागला का’ एवढंच तपासून भागत नाही. ‘गिट अप्लाय --चेक’ही तेवढंच सांगतो. एक फेकाऊ रिपॉझिटरी करा, टॅबवाली छोटी फाइल ठेवा, स्वच्छ पॅच काढा आणि मग एका वेळी एकच गोष्ट बिघडवा: संदर्भातला टॅब, ओळीअखेरची स्पेस, विंडोजची ओळ-अखेर. प्रत्येक वेळी पर्यायासकट आणि पर्यायाविना लावा, आणि लागल्यानंतरची फाइल अपेक्षित फाइलशी बाइट-दर-बाइट ताडून बघा. गिटच्या स्वतःच्या सोर्समध्ये ‘टी’ नावाच्या फोल्डरात हेच केलंय. टी४१०७ आणि टी४१२४ या दोन स्क्रिप्ट वाचा. कुठल्याही व्हिडिओ कोर्सपेक्षा त्या बऱ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्नूच्या ‘पॅच’ कमांडवरून आला असाल तर एक ध्यानात घ्या: तिथे फझ असतो, म्हणजे संदर्भाच्या दोन ओळींपर्यंत ती चालवून घेते. गिट अप्लाय आपणहून असा फझ देत नाही. सुरुवातीला हे जाचक वाटतं, पण बरंच आहे.

‘गिट अप्लाय’चा ‘--व्हाइटस्पेस=फिक्स’ हा पर्याय वेगळाच प्राणी. तो पॅचने आणलेल्या नव्या ओळींची शेपटं, म्हणजे ओळीअखेरच्या स्पेस, कापतो. हा पर्याय दिलाच नाही तर गिट फक्त ताकीद देऊन पॅच जसाच्या तसा लावतो, ‘फिक्स’ऐवजी ‘एरर’ म्हटलं तर नाकारतो. फिक्स सोयीचा आहे, पण मार्कडाउनमध्ये ओळीअखेरच्या दोन स्पेसचा अर्थ नवी ओळ असा होतो, आणि त्याही तो उडवतो.

मेलने पॅच पाठवणार असाल तर जीमेलच्या ब्राउझरमधून चिकटवू नका, ते टॅबच्या स्पेस करतं. लिनक्स कर्नेलच्या दस्तऐवजांत हे स्पष्ट लिहिलंय. तिथलाच दुसरा सल्ला पाळा: पहिला पॅच स्वतःलाच पाठवा, आलेला मेल सेव्ह करा आणि लावून बघा. फाइल विंडोजच्या ओळ-अखेरीची असेल तर ‘गिट एएम’ला (मेलमधला पॅच लावणारी कमांड) ‘--कीप-सीआर’ द्यावं लागतं, एरवी तो ओळीअखेरचे सीआर (वरचा तो टोपीवाला एम) वाटेतच काढून टाकतो आणि शोधत बसाल की पॅच कोणी बिघडवला.