सोसायटीच्या दाराला ॲक्सेस कंट्रोल (बोट किंवा कार्ड लावून दार उघडणारं मशीन) बसवताय? या चुका टाळा

"मावशी, बोट पुसून परत लावा." वॉचमनने तिसऱ्यांदा सांगितलं. मावशींनी पदराला अंगठा पुसला, दाबून धरला, तरी दिवा लालच. चार घरची भांडी घासून बोटांवरच्या रेषा पार झिजल्या होत्या, मशीनला वाचायला काही उरलंच नव्हतं. शेवटी वॉचमनने आतून बटण दाबलं. पंधरा दिवसांत तो सगळ्यांसाठीच बटण दाबू लागला आणि कोथरूडच्या त्या इमारतीतलं महागडं मशीन नुसतं भिंतीवर राहिलं.

सोसायट्यांची देखभाल बघताना मला ही चूक सगळ्यात जास्त दिसते. कमिटी आधी मशीन पसंत करते आणि दारातून कोण जातं-येतं हे नंतर बघते. कोटेशन मागवण्याआधी एक दिवस सकाळी सात ते दहा गेटवर उभे राहा. कामाच्या मावशी, आजी-आजोबा, दूधवाला, डिलिव्हरीवाली मुलं, सगळे डोळ्यासमोर येतील. फिंगरप्रिंट हा एकमेव मार्ग ठेवूच नका, सोबत कार्ड हवंच. शिवाय ठसे आणि चेहरे हा लोकांचा वैयक्तिक डेटा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा विचार करून तो कशासाठी घेताय हे सांगा आणि संमती घ्या.

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाणार हे आपण धरूनच चालतो. कुलूप निवडताना मात्र विसरतो. मॅग्नेटिक लॉकला चुंबकाने दार धरून ठेवायला सतत वीज लागते, वीज गेली की दार सुटतं. काही इलेक्ट्रिक कुलपं याच्या उलट, वीज गेल्यावर बंदच राहतात. जिना आणि बाहेर पडायच्या वाटेवर पहिलाच प्रकार हवा, फायर अलार्मला जोडलेला, आणि आतून हाताने उघडता येणारा. इथे पैसे वाचवू नका, माणसं अडकतात. रोजच्या लाइट जाण्यासाठी बॅटरी असते. १२ व्होल्ट, ७ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे साठवण क्षमता) ची नवी बॅटरी अर्धा अँपिअर घेणारं लॉक कागदावर दहा-बारा तास सांभाळते, पण जुनी झाली की दोन तासांतही मान टाकते. दर तीन महिन्यांनी मेन स्विच बंद करून घड्याळ लावून बघा.

स्वस्त मशीनमध्ये कीपॅड आणि कुलूप उघडणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, एकाच डब्यात असतात, आणि तो डबा दाराबाहेर लावलेला. डबा उघडला की कुलपाच्या वायरी थेट हाताशी. कुलूप उघडायचं की नाही ते ठरवणारा कंट्रोलर, रिलेसकट, आतच हवा. बाहेरच्या रीडरला, म्हणजे कार्ड किंवा बोट वाचणाऱ्या भागाला, पावसासाठी किमान आयपी६५ (धूळ-पाण्यापासून बचावाचा) दर्जा मागा. १२५ किलोहर्ट्झच्या (कार्ड ज्या रेडिओ लहरींवर चालतं ती वारंवारता) साध्या कार्डांची नक्कल सहज होते, त्यामुळे १३.५६ मेगाहर्ट्झची एन्क्रिप्टेड, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात ठेवणारी, कार्डं घ्या. नुसती १३.५६ म्हणून भागत नाही, त्यातल्याच जुन्या मायफेअर क्लासिक कार्डांचं एन्क्रिप्शन कधीच फुटलंय.

"लॉक नीट धरत नाही" ही तक्रार आली की लगेच लॉक बदलू नका. सिंहगड रोडच्या एका सोसायटीत दोनदा बदललं, तरी जरा ओढलं की दार उघडायचं. मी दारावरची लोखंडी पट्टी हलवून बघितली, तर गच्च आवळलेली. ही पट्टी मधल्या रबरी वॉशरवर किंचित हलती असावी लागते, तरच ती मॅग्नेटला सपाट चिकटते. स्क्रू थोडा सैल केला, काम झालं. तरीही धरत नसेल तर दार बंद असताना लॉकपाशी व्होल्टेज मोजा. लांबवर बारीक वायर टाकलेली असली की तिथे १२ चे १० व्होल्टच पोचतात. कंट्रोलरचा रिले वारंवार जळत असेल तर लॉकला डायोड (लॉकची वीज तुटताना उसळणारं व्होल्टेज रिलेपर्यंत जाऊ न देणारा छोटा भाग) जोडलाय का ते बघा.

वाकडसारख्या भागात भाडेकरू सतत बदलतात. घर सोडलेल्यांची कार्डं महिनोन्महिने चालू असतात, कारण ॲडमिन पासवर्ड एकट्या व्हेंडरकडे. शेवटचा हप्ता देण्याआधी पासवर्ड आणि बॅकअप फाइल सोसायटीच्या ताब्यात घ्या, आणि एक कार्ड बंद करून, परत चालू करून सेक्रेटरींना स्वतःच्या हाताने बघू द्या.