‘टू द लाइटहाउस’ वाचताना या चुका टाळा

पहिल्या वाचनात तिसऱ्या भागाशी आले आणि गोंधळले. मिसेस रॅम्झी गेल्या कुठे? लायब्ररीची जुनी प्रत, वाटलं पानं गळाली असतील. गळाली नव्हती. चौकोनी कंसातलं एक वाक्य मीच घाईत ओलांडलं होतं. व्हर्जिनिया वुल्फच्या १९२७ सालच्या या कादंबरीत आठ लेकरांची आई अशी कंसात मरते. प्रू या लेकीचं लग्न कंसात, बाळंतपणाच्या आजारात तिचं जाणंही कंसातच. म्हणून ‘टाइम पासेस’ हा मधला भाग बंद घराचं वर्णन समजून चाळू नका. ओलीनं कुजत चाललेलं ते घर शेवटी मोलकरणीच घासूनपुसून उभं करतात. २०१९ च्या पुरानंतर सांगलीत ज्यांनी घरातला गाळ उपसला, त्यांना ती पानं लांबलचक वाटत नाहीत.

याहून मोठी चूक म्हणजे बाजू घेणं. आमच्या वाचनगटात लगेच तट पडले: संसारी मिसेस रॅम्झी की त्यांच्याकडे पाहुणी आलेली चित्रकार लिली ब्रिस्को? मी अर्थात लिलीच्या तटात. पण लिलीचा मिसेस रॅम्झींवर जीव आहे, आणि लग्न न केलेल्या बाईचं आयुष्यातलं उत्तम ते हुकतं, हे त्यांचं मत तिला मुळीच मान्य नाही. दोन्ही एकाच वेळी खरं.

जेवणाचा प्रसंग सावकाश वाचा. बायकांना चित्र काढता येत नाही, लिहिता येत नाही, असं म्हणणारा पाहुणा टॅन्स्ली तिथे अवघडून बसलाय. पंगतीत कुणी घुम्यासारखा बसला की त्याला बोलतं करायचं काम कुणाचं, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. यजमानीणबाईंची नजर विनवते आणि लिली गोड बोलते. त्याच जेवणात चित्रातलं झाड मध्याकडे सरकवायचं तिला सुचतं. विसरायला नको म्हणून ती मिठाचं भांडं टेबलक्लॉथच्या नक्षीवर ठेवते.

मिस्टर रॅम्झींना नुसता जुलमी बाप समजू नका. बायको गेल्यावर ते सहानुभूती मागत लिलीपुढे उभे राहतात. तिला काहीच सुचत नाही, ती त्यांच्या बुटांची तारीफ करते, आणि गडी खूश!

‘मग लिलीचं लग्न झालं का?’ आमच्यातल्या एका काकूंनी विचारलंच. नाही. मिसेस रॅम्झींनी जमवलेला पॉल आणि मिंटाचा संसारही धड चालत नाही.

‘आणि चित्राचं काय?’

ते माळ्यावर पडेल, असं लिलीलाच वाटतं.

‘म्हणजे माझ्या भरतकामासारखंच की,’ काकू म्हणाल्या, आणि शेवटचं पान त्यांनी मला पुन्हा मोठ्यानं वाचायला लावलं.