चोवीस विरुद्ध अकरा: टेनिसच्या दोन काळांची तुलना करताना या चुका टाळा

विम्बल्डनचे दिवस आले की आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक तक्ता हमखास येतो: कोणी किती ग्रँड स्लॅम, म्हणजे ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चार मोठ्या स्पर्धा, जिंकल्या. जोकोविच २४, नदाल २२, फेडरर २०, सॅम्प्रस १४ आणि बरंच खाली बोर्ग ११, लेव्हर ११. तक्त्याखाली दोनच शब्द: ‘विषय संपला.’

तक्त्यातला एकही आकडा खोटा नाही. पण आजीच्या चार तोळ्यांच्या पाटल्या आणि नातसुनेच्या चार तोळ्यांच्या पाटल्या तराजूत घाला, आजीचं पारडं खाली जाईल. तिच्या वेळचा तोळा साडेअकरा ग्रॅमच्याही वर होता, आता सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात. ग्रँड स्लॅमचंही तसंच झालंय. शब्द तोच राहिला आणि माप बदलत गेलं. जुनं माप नेहमी जडच निघतं असंही नाही, आणि गोंधळ होतो तो तिथेच.

कप मोजले, पण दारावर कोण उभं होतं ते पाहिलं नाही

सगळ्यात मोठी चूक ही, म्हणून इथे जरा थांबू.

१९६८ च्या एप्रिलपर्यंत चारही ग्रँड स्लॅम फक्त हौशी खेळाडूंसाठी होत्या. उघडपणे पैशांसाठी खेळायचा करार केला की विम्बल्डनचं दार बंद. आणि पोट तर प्रत्येकालाच होतं. त्यामुळे व्हायचं असं की एखादा पोरगा दोन-तीन मोठे कप जिंकायचा, नाव झालं की व्यावसायिक ताफ्यात जायचा आणि नंतर गावोगावच्या हॉलमध्ये, वेळप्रसंगी लाकडी फळ्यांवर अंथरलेल्या कापडावर, त्याच चार-सहा दिग्गजांशी रात्रीमागून रात्र खेळत राहायचा. ते सामने आपल्या तक्त्यात कुठेच नाहीत.

पँचो गोन्झालेसच्या नावापुढे तक्त्यात २ आहेत: १९४८ आणि १९४९ ची अमेरिकन स्पर्धा. नंतर तो व्यावसायिक झाला आणि पन्नाशीच्या दशकात ताफ्यातला सगळ्यांत दरारा असलेला खेळाडू ठरला. पुढची ग्रँड स्लॅम त्याला खेळता आली ती १९६८ साली, वयाच्या चाळिशीत. त्या फ्रेंच ओपनमध्ये तो उपांत्य फेरीपर्यंत गेला. केन रोझवॉलची गोष्टही अशीच. १९५६ पर्यंत चार विजेतेपदं, मग अकरा वर्षं कोरी, आणि दार उघडताच १९६८ ची फ्रेंच ओपन. त्यानंतर आणखी तीन, शेवटचं वयाच्या सदतिसाव्या वर्षी.

रॉड लेव्हरने १९६२ मध्ये एकाच वर्षात चारही स्पर्धा जिंकल्या आणि तो व्यावसायिक झाला. १९६३ ते १९६७ ची पाच वर्षं आणि १९६८ ची ऑस्ट्रेलियन, मिळून २१ स्पर्धा त्याला बंद होत्या. दार उघडल्यावर १९६९ मध्ये त्याने पुन्हा चारही जिंकल्या. आता त्याच काळात रॉय एमर्सनचा आकडा बघा. तो हौशीच राहिला. त्याच्या १२ विजेतेपदांपैकी १० नेमकी १९६३ ते १९६७ मधली आहेत. हा १२ चा विक्रम सॅम्प्रसने २००० साली विम्बल्डनला मोडला.

इथपर्यंत आलेले बरेच जण लगेच दुसऱ्या खड्ड्यात पडतात. ‘मग लेव्हरच्या ११ मध्ये आणखी दहा धरा!’ असं धरता येत नाही. दार उघडं असतं तर ते सगळ्यांनाच उघडं असतं. मग १९६२ मध्येही लेव्हरला समोर ताफ्यातले रोझवॉल, ल्यू होड आणि कदाचित गोन्झालेस भेटले असते. १९६३ च्या सुरुवातीला तो ताफ्यात आला तेव्हा होड आणि रोझवॉलनेच त्याला वरचेवर हरवलं होतं. जगातल्या चारही कपांचा मालक नव्या घरात तिसऱ्या क्रमांकाचा ठरला! म्हणून बेरीज करायची हौस असेल तर वजाबाकीही करा. एमर्सनलाही सरसकट निकालात काढू नका. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन दोन्ही अंतिम सामन्यांत त्याने हरवलं होतं ते लेव्हरलाच.

यावरचा उपाय साधा आहे. तक्त्यातल्या भरलेल्या घरांच्या आधी रिकामी घरं बघा. गैरहजेरी का, हे एका शब्दात लिहा: बंदी, दुखापत, युद्ध, कंटाळा. रिकामं घर मनाने भरू नका, पण तिथे पराभवाचा शून्यही मांडू नका.

चारही स्पर्धांना कायम सारखंच वजन दिलं

आज ऑस्ट्रेलियन ओपन सोडायची कोणाच्या मनात येत नाही. पण बोर्ग तिथे आयुष्यात एकदाच गेला, १९७४ साली. कॉनर्स दोनदा: १९७४ ला जिंकला, १९७५ ला अंतिम सामन्यात हरला, परत गेलाच नाही. लांबचा प्रवास, नाताळच्या आसपासच्या तारखा, बक्षीस तुलनेने कमी. १९७७ मध्ये तर तारखा हलवताना ही स्पर्धा एकाच वर्षात दोनदा झाली, जानेवारीत आणि डिसेंबरात. या खेळाडूंना आपण आज विचारतो की तुमचे कप कमी का, तेव्हा परीक्षा झाल्यावर अभ्यासक्रम सांगितल्यासारखं होतं. एकूण कप मोजून मोठेपण ठरवायची ही रीत माझ्या मते सॅम्प्रस एमर्सनच्या विक्रमाच्या मागे लागला तेव्हाच खरी रुजली.

मार्गारेट कोर्टच्या २४ विजेतेपदांबद्दल हेच उलट बाजूने बोललं जातं. त्यातली ११ ऑस्ट्रेलियातली, १३ खुल्या युगाच्या (१९६८ मध्ये व्यावसायिकांना दार उघडल्यानंतरच्या काळाच्या) आधीची. म्हणून सेरेना विल्यम्सची २३ भारी, कारण ती सगळी खुल्या युगातली. साठच्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या अनेक जणी ऑस्ट्रेलियाला जात नसत, हे खरं. पण ‘खुल्या युगाआधी’ हा शिक्का पुरुषांवरून उचलून बायकांवर मारणं चूक आहे. पुरुषांमधले उत्तमोत्तम व्यावसायिक ताफा ओढून नेत होता. बायकांसाठी तसा ताफा जवळपास नव्हताच, त्यामुळे त्या काळच्या बहुतेक अव्वल खेळाडू हौशीतच होत्या. तिथे प्रश्न बंदीचा नव्हता, प्रवासाचा होता. शिवाय १९७० मध्ये, दार सगळ्यांना उघडं असताना, कोर्टने एकाच वर्षात चारही जिंकल्या. तिच्या ऑस्ट्रेलियातल्या कपांचं वजन थोडं कमी धरायचं असेल तर धरा, बाकीचे १३ कुठे जातात?

एका वर्षावर घाईने फुली मारली

१९७३ चं विम्बल्डन. युगोस्लाव्हियाच्या निकी पिलिचवरच्या बंदीवरून ८१ खेळाडूंनी बहिष्कार घातला. जिंकला चेकोस्लोव्हाकियाचा यान कोडेस. पन्नास वर्षं लोक म्हणतायत, ‘तो फुकटचा कप.’

अशा वेळी करायची तपासणी एकच: त्याच वर्षी, सगळे हजर असताना, हा माणूस काय करत होता? दोन महिन्यांनी अमेरिकन ओपनला सगळे होते, आणि कोडेस तिथे अंतिम सामन्यापर्यंत गेला, न्यूकमकडून हरला. त्याआधी १९७० आणि १९७१ ची फ्रेंच ओपन त्याचीच. म्हणजे कप थोडा हलका असेल, पण माणूस हलका नव्हता.

हीच तपासणी आपल्या विजय अमृतराजलाही लावा. त्या विम्बल्डनला तो उपांत्यपूर्व फेरीत कोडेसकडूनच पाच सेटमध्ये हरला होता. बहिष्कारामुळे पोचला, असं म्हणणारे भेटतात. त्याच वर्षी फॉरेस्ट हिल्सला, म्हणजे अमेरिकन ओपनला, त्याने लेव्हरला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. तेव्हा हे म्हणणं सोडून द्यावं.

मात्र तराजू दोन्हीकडे सारखा हवा. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचला तेव्हा रोझवॉल, होड, गोन्झालेस बाहेरच होते. हे सांगताना आपली जीभ अडखळते. पण लेव्हरच्या १९६२ च्या कपांना लावलेला नियम कृष्णनलाही लागतो. त्याच्या बाजूने एवढं नक्की की दोन्ही वेळा तो ज्यांच्याकडून हरला, फ्रेझर आणि लेव्हर, त्यांनीच त्या-त्या वर्षी कप उचलला.

कोर्ट आणि रॅकेट विसरलो

१९७४ पर्यंत चारपैकी तीन ग्रँड स्लॅम गवतावर होत्या. लेव्हरच्या १९६९ च्या चार कपांत पृष्ठभाग दोनच. हे काही त्याचं न्यून नव्हे, पण ‘सगळ्या प्रकारच्या कोर्टांवर’ असं म्हणताना अडखळायला हवं. अमेरिकन ओपन १९७५ मध्ये मातीवर गेली, १९७८ मध्ये हार्ड कोर्टवर, म्हणजे सिमेंटसारख्या टणक पृष्ठभागावर. कॉनर्सने ती तिन्हीवर जिंकली. ऑस्ट्रेलियन १९८८ पासून हार्ड. उलट विम्बल्डनचं गवत नावाला तेच राहिलं. २००१ पासून तिथे पूर्ण रायग्रास नावाचं गवत आलं, चेंडू जरा वर उसळू लागला, आणि २००२ च्या अंतिम सामन्यात ह्यूइट आणि नालबांदियान दोघंही जाळीकडे न धावता मागच्या रेषेवरूनच खेळत बसले. सॅम्प्रसला मातीवर जमलं नाही म्हणताना हेही लक्षात ठेवा की त्याच्या वेळी गवत आणि माती यांत आजच्याहून जास्त अंतर होतं.

रॅकेटबद्दल एकच प्रसंग पुरे. १९९१ मध्ये बोर्ग मॉन्टे कार्लोच्या स्पर्धेत पुनरागमनासाठी उतरला, हातात लाकडी रॅकेट. समोर स्पेनचा जॉर्डी आरेसे. दोन सरळ सेटमध्ये बोर्गचा खेळ खलास. जुन्या क्लिप बघून ‘किती हळू खेळायचे’ म्हणणाऱ्यांनी आधी एखादी जुनी लाकडी रॅकेट हातात धरावी. तिचा चेहरा जेमतेम ताटलीएवढा, वजन मात्र दणकट. तशा रॅकेटने आजचा टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने गरगर फिरवणारा फटका, मारून बघा. आजचा क्रमवारीतला शंभरावा खेळाडू यंत्रमानवासारखा भासतो, त्यात पॉलिएस्टरच्या तारांचाही हात आहे.

क्रमवारीचंही थोडक्यात. एटीपी या पुरुष व्यावसायिक टेनिसपटूंच्या संघटनेची संगणकी क्रमवारी ऑगस्ट १९७३ ची. त्याआधीच्या कोणाचे ‘पहिल्या क्रमांकावरचे आठवडे’ मोजूच नका. नंतरचेही जपून. १९७७ मध्ये गिलेर्मो विलासने फ्रेंच आणि अमेरिकन ओपन जिंकल्या, तरी संगणकाने त्याला पहिला केला नाही. तेव्हा एकूण गुण न बघता दर स्पर्धेमागे गुणांची सरासरी काढत असत.

‘त्याने त्याला हरवलं, म्हणजे…’

फेडररने २००१ मध्ये सॅम्प्रसला हरवलं, नदाल फेडररविरुद्ध २४–१६ ने पुढे, जोकोविच नदालविरुद्ध ३१–२९ ने पुढे. अशी साखळी ओढत नेली तर सॅम्प्रस तळाला जातो. सॅम्प्रस आणि फेडरर त्या एकाच सामन्यात भेटले, तेव्हा एक तिशीला टेकलेला आणि दुसरा एकोणीस वर्षांचा. नदालचे २४ विजयही उलगडून बघा: मातीवर १४–२, इतरत्र फेडरर १४–१० ने पुढे. मातीवर इतक्यांदा भेट झाली ती फेडरर तिथेही अंतिम फेरीपर्यंत पोचत होता म्हणून. लवकर हरला असता तर आकडा सुंदर दिसला असता!

‘त्याच्या काळात समोर होतंच कोण?’

हा युक्तिवाद स्वतःचीच शेपटी धरून फिरतो. एकानेच सगळं जिंकलं की बाकीच्यांकडे कप उरत नाहीत, मग बाकीचे कमकुवत ठरतात. रॉडिक चार ग्रँड स्लॅम अंतिम सामने फेडररकडून हरला, त्यातला २००९ चा शेवटचा सेट १६–१४. मरे आठ अंतिम सामने हरला, तीन फेडररकडून, पाच जोकोविचकडून. रॉडिकच्या एकाच कपावरून ‘दुबळा काळ’ म्हणणारे मरेच्या तीन कपांवरून ‘सुवर्णकाळ’ म्हणतात. प्रतिस्पर्ध्याचा दर्जा मोजायचा तर ज्याच्याशी तुलना चालू आहे त्याला वगळून मोजा: बाकी सगळ्यांविरुद्ध तो कसा खेळत होता?

टक्केवारी काढली, पण वय जुळवलं नाही

ग्रुपवरच्या तक्त्याला उत्तर म्हणून मी एकदा रकाना वाढवून पाठवला: किती खेळला, त्यातल्या किती जिंकला. बोर्ग २७ पैकी ११, म्हणजे सुमारे ४१ टक्के. फेडरर ८१ पैकी २०, सुमारे २५ टक्के. मी खूश. तासाभराने एका मित्राने विचारलं, ‘बोर्ग शेवटची ग्रँड स्लॅम कितव्या वर्षी खेळला?’ पंचविसाव्या. म्हणजे त्याच्या हिशोबात उतरणीची वर्षंच नाहीत, आणि फेडररच्या हिशोबात ती सगळी आहेत.

मग वय जुळवून पुन्हा बसलो. फेडररचं पंचविसावं वर्ष धरलं तर त्याची शेवटची स्पर्धा २००७ चं विम्बल्डन. तोवर तो ३३ स्पर्धा खेळला होता आणि जिंकल्या होत्या ११. बोर्गइतक्याच, सहा संधी जास्त घेऊन. त्यात सलग पाच विम्बल्डन, तीही बोर्गइतकीच. २००७ च्या त्या अंतिम सामन्याला बोर्ग स्वतः रॉयल बॉक्समध्ये बसलेला होता, पन्नाशी ओलांडलेला, सुटाबुटातला.