फोनवरून तब्येतीवर लक्ष ठेवायचं तर असं ठेवा

माझ्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार खचतं असा आजार, आणि त्याच्या फोनवरून आम्ही त्याच्या तब्येतीवर लक्ष ठेवतो, त्याला विचारून. गुपचूप ॲप टाकायचा विचार असेल तर इथेच थांबा. ज्याला आधीच वाटतंय की आपल्यावर कोणीतरी नजर ठेवून आहे, त्याला खरंच नजर ठेवलेली सापडली तर डॉक्टर, गोळ्या, घरचे, सगळ्यांवरचाच विश्वास उडतो.

म्हणून माणूस बरा असताना बसून बोला, काय बघायचं, कोण बघणार, कशाला हात लावायचा नाही. आमच्यात मेसेज वाचायचे नाहीत आणि कोणाला फोन केला ते बघायचं नाही असं ठरलंय, तसंही त्याची गरज पडत नाही. झोप, हालचाल आणि फोनचा वापर, बास.

त्यात झोप सगळ्यात कामाची. वेगळं घड्याळ नको, रात्री स्क्रीन शेवटची कधी बंद झाली आणि सकाळी पहिली कधी चालू झाली यावरून बराच अंदाज येतो. हे बघायला अँड्रॉइडवर डिजिटल वेलबीइंग, आयफोनवर स्क्रीन टाइम, दोन्ही २०१८ मध्ये आले. मेनिया, म्हणजे मन फार चढलेला काळ, सुरू व्हायला लागला की झोप घटते, तरी माणूस थकत नाही, पहाटे ३ ला फोन चालू, कॉल वाढलेले. डिप्रेशनमध्ये उलटं, पावलं कमी, लोकेशन दिवसच्या दिवस घरातच.

पहिले ३-४ आठवडे नुसतं बघा, काही निष्कर्ष काढू नका. माझा भाऊ बरा असतानाही १ वाजता झोपतो, त्यामुळे तुलना त्याची त्याच्याशीच करायची, तुमच्या-आमच्याशी नाही. स्किझोफ्रेनियातही (भास-भ्रम होणारा आजार) हीच पद्धत वापरून बघितलीय, २०१८ च्या एका अभ्यासात १७ रुग्णांच्या फोनमध्ये आजार उलटण्याआधीच्या २ आठवड्यांत नेहमीपेक्षा वेगळं वागण्याचं प्रमाण ७१ टक्क्यांनी जास्त दिसलं. १७ च माणसं होती, तेव्हा एवढ्यावर हुरळून जाऊ नका.

आणि फोन फसवतो पण! बॅटरी सेव्हरने ॲप बंद पडतं, फोन घरी विसरला की वाटतं माणूस दिवसभर अंथरुणात, ताप आला तरी पावलं कमीच. म्हणून आकडा बघून आधी साधा फोन करा, "काय चाललंय?" आणि त्यात "झोप का नाही झाली?" हे पोलिसासारखं विचारू नका.

खरा घोळ पुढे असतो, आकडा बिघडला तर करायचं काय? डेन्मार्कमध्ये मोनार्का नावाची चाचणी झाली, बायपोलरचे रुग्ण रोज फोनवर नोंदी करायचे, तरी एकूणात डिप्रेशन किंवा मेनिया काही कमी झाला नाही. त्यामुळे आमचं कागदावर आहे, सलग २ रात्री ४ तासांपेक्षा कमी झोप झाली की डॉक्टरांना कळवायचं. (हा आकडा आमचा, तुमचा तुमच्या डॉक्टरांबरोबर ठरवा.) ॲप बघून गोळी कमी-जास्त करायची नाही. आणि जीव द्यायची भाषा आली तर आलेख कसला बघताय, लगेच मदत बोलवा, एकटं सोडू नका.

भाऊ बंद कर म्हणाला की त्याच दिवशी बंद. पण मेनियात असताना म्हणाला तर? तेही बरा असतानाच त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय, आधी डॉक्टरांना एक फोन, मग बंद.