हार्डटेलची फ्रेम: आधी व्हर्नियर, मग रंग

फोर्क पसंत पडला, ब्रेक ठरले, चाकं कुणाकडून तरी स्वस्तात मिळतायत, आता फक्त फ्रेम बघायची राहिली, असं सांगणारी पोरं माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना आधी सगळं बाजूला ठेवायला सांगतो. सुटे पार्ट घेऊन हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक, बांधायची तर पहिली खरेदी फ्रेमचीच करावी. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा सस्पेन्शनचा चिमटा, विकता येतो, चाकं बदलता येतात. हेड ट्यूबचा (फोर्क ज्यात बसतो त्या पुढच्या नळीचा) बोअर, मागच्या एक्सलची रुंदी, बॉटम ब्रॅकेटचे (पेडलचा आस बसतो त्या जागेचे) आटे मात्र फ्रेमबरोबर जन्माला आलेले असतात. पुढचा प्रत्येक पार्ट त्यांच्या हुकमानं घ्यावा लागतो. माझं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ आणि मिलिंगवर गेलं, त्यामुळे फ्रेम हातात आली की मला ती जॉबसारखीच दिसते. मापं काय आहेत ते आधी सांगा, रंगाचं नंतर बोलू.

मापांच्या आधी एकच प्रश्न विचारायचा: चालवणार कुठे? आपल्याकडचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. शिवाजी पुलावरून केर्ली, वाघबीळ, तिथून पन्हाळ्याचा चढ आणि पुढे मसाई पठार. म्हणजे आधी बराच वेळ डांबरी रस्ता, मग सलग चढ, मग जांभ्याचं उघडं कातळ. जांभा सपाट दिसतो, पण त्याला सगळीकडे भोकं आणि धारदार कडा असतात. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं. उतरताना वाटेत सुटे गोटे. आणि परतीला उसाच्या रानातून आडवाटेनं आलात तर काळी माती, जी टायरला चिकटली की सुटायचं नाव घेत नाही. परदेशातल्या मासिकांत वाखाणलेली फ्रेम या सगळ्याला पुरेल असं धरून चालू नये. त्यांच्याकडे लिफ्टनं वर जाऊन नुसतं उतरायचे ट्रॅक असतात. आपल्याला पन्हाळा आपल्याच पायांनी चढायचा आहे.

म्हणून हेड अँगल, म्हणजे हेड ट्यूबचा जमिनीशी होणारा कोन. क्रॉस कंट्री शर्यतीच्या जुन्या फ्रेमला तो ७० अंशांच्या आसपास असायचा, उतारावर जोरात सुटणाऱ्या आजच्या हार्डटेलला ६४ पर्यंत येतो. मसाई आणि पन्हाळ्यासाठी मी १२० मिमी ट्रॅव्हलच्या, म्हणजे तेवढं दबणाऱ्या, फोर्कबरोबर ६६ ते ६७ अंश सुचवतो. इथं हार्डटेलची एक खास गोष्ट नीट समजून घ्या. मागे सस्पेन्शन नसल्यानं तुम्ही बसलात की फक्त पुढचं टोक दबतं. १२० मिमीच्या फोर्कला २० टक्के सॅग, म्हणजे नुसतं बसल्यावरचं दबणं, दिला तर तो २४ मिमी खाली बसतो, आणि हेड अँगल एक अंशाहून थोडा जास्त उभा होतो. कागदावरचा ६६ चालवताना ६७ च्या पुढे जातो. दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या बाइकचे आकडे बघून हार्डटेल निवडू नका, कारण तिथं मागचंही टोक दबतं आणि कोन फारसा बदलत नाही. उलट बाजूनं, फ्रेम १२० साठी बनवलेली असताना १४० चा फोर्क लावला तर हेड अँगल आणि सीट अँगल दोन्ही जवळपास एक अंश मागे झुकतात, बॉटम ब्रॅकेट सहा-सात मिमी वर जातो आणि रीच साधारण एक सेंटिमीटर घटतो. चढावर पुढचं चाक आपोआप वर उचलू लागतं. शिवाय हेड ट्यूबच्या जोडावर जास्त ताण येतो, म्हणून बनवणाऱ्यानं दिलेली ट्रॅव्हलची मर्यादा ओलांडू नये.

सीट अँगल ७४ ते ७५ पुरे, सॅगमुळे तोही थोडा उभा होतोच. चेनस्टे, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या एक्सलपर्यंतची नळी, ४३० ते ४४० मिमी. त्याहून आखूड घेतला तर पुढचं चाक उचलायला मजा येते, पण वाघबीळच्या पुढच्या चढाला तीच मजा त्रास देते.

भाचीसाठी फ्रेम शोधत होतो तेव्हा साइझचा विषय निघाला. तिची उंची पाच फूट तीन इंच. तिनं आधीच ठरवलेलं, "मामा, कार्बनची घेऊया की. हलकी असती." मी म्हटलं, "कार्बनचं मागनं बघू, आधी तुझा रीच काढू." साइझच्या स्टिकरवर एस लिहिलंय की एम यावर जाऊ नये, कारण प्रत्येक कंपनीचा एस वेगळा. रीच म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या मध्यातून वर काढलेल्या उभ्या रेषेपासून हेड ट्यूबच्या वरच्या तोंडाच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर. पेडलवर उभं राहिल्यावर अंगाला जागा किती मिळते ते यावरून कळतं. तिच्यासाठी ४१५ ते ४३० मिमीच्या दरम्यानचा रीच धरला. सीटचा दांडा ज्यात बसतो ती सीट ट्यूब ४०० मिमी किंवा त्याहून कमी असावी यावर मी अडून बसलो. सीट ट्यूब लांब असली की ड्रॉपर पोस्ट, म्हणजे चालवताना खाली-वर करता येणारा सीटचा दांडा, पूर्ण आत जात नाही, आणि उतारावर सीट खाली गेली नाही तर ड्रॉपरवर घातलेले पैसे फुकट. सीट ट्यूबची लांबी कागदावर मिळते, पण आत पोस्ट किती खोल जातो हे मिळत नाही. बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूसाठी बसवलेलं रिव्हनट आत डोकावत असतं, कधी ट्यूब खाली वाकलेली असते. पट्टी आत घालून मोजा. फ्रेम लांबून येणार असेल तर विकणाऱ्याला मोजून फोटो पाठवायला सांगा. व्यास ३०.९ किंवा ३१.६ मिमी असेल तर ड्रॉपर सहज मिळतो. २७.२ चा पोस्ट बुडाला मऊ लागतो, पण त्या मापात ड्रॉपरचे पर्याय थोडेच.

चाक २९ इंची की २७.५, यावर मी फार वाद घालत नाही. भोकाभोकांच्या जांभ्यावर २९ बरं. भाचीच्या उंचीलाही ते चालतं, फक्त टॉप ट्यूबवरून पाय सहज जमिनीला टेकतात का एवढं बघा.

आता मटेरियल. कार्बन हलकं, यात वाद नाही. पण पुढच्या चाकाखालून उडालेला जांभ्याचा खडा थेट खालच्या तिरक्या नळीला, म्हणजे डाउन ट्यूबला बसतो, आणि आतून पदर सुटला तर बाहेरून कळत नाही. टायटॅनियम उत्तम, किंमत ऐकूनच थांबावं लागतं. आपल्यासारख्यांची खरी निवड ॲल्युमिनियम की क्रोमोली स्टील, एवढीच असते.

ॲल्युमिनियमची चांगली फ्रेम साधारण दोन किलोच्या आत येते, स्टीलची सव्वादोन ते पावणेतीन. हा फरक चढाला जाणवतो. तरी कोल्हापुरात राहणाऱ्यानं स्टीलचा विचार मनापासून करावा, कारण इथं दुरुस्ती करणारे हात आहेत. ६०६१ ॲल्युमिनियमची फ्रेम वेल्ड झाल्यावर सुमारे ५३० अंशांना तापवतात, विझवतात, आणि मग कमी तापमानाला काही तास ठेवून टी६ नावाच्या कडक अवस्थेला आणतात. भट्टीतून निघताना तिला जी ताकद मिळते ती पूर्ण फ्रेमची असते. पुढे तडा गेला आणि कुणी आर्गन वेल्डिंग करून दिलं तर शिलाई देखणी दिसते, पण तिच्या शेजारची पट्टी मऊ पडलेली असते आणि पुढचा तडा तिथंच जातो. फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. ४१३० क्रोमोली मात्र आर्गननं किंवा पितळी ब्रेझिंगनं जोडता येतं, भट्टी लागत नाही. फक्त कारागिराला नळीची जाडी आधी सांगा. चांगली नळी बटेड असते, म्हणजे टोकांना ०.८ किंवा ०.९ मिमी आणि मध्ये ०.५ किंवा ०.६. ग्रिलचं काम करणाऱ्याच्या हातात दिली तर भोक पडेल. पातळ पाइपाचं काम रोज करणारा माणूस शोधा.

स्टीलचा आणखी एक फायदा मागच्या बाजूला दिसतो. सर्ली कंपनीच्या कराटे मंकी या फ्रेमला मागे १४५ मिमीची जागा दिलेली आहे, त्यात १४२ चा हबही बसतो आणि १४८ चाही, कारण स्टीलचे चेनस्टे दीड मिमी आत-बाहेर आनंदानं सरकतात. ॲल्युमिनियमला असं ओढायचं नसतं. स्टीलचा शत्रू पाणी. गगनबावड्याच्या पावसात फिरून आलेली फ्रेम आतून गंजते, बाहेरून नाही. बॉटम ब्रॅकेटच्या शेलखाली पाणी निघायचं भोक आहे का बघा. नवी फ्रेम बांधण्याआधी आतून उकळवलेलं जवसाचं तेल फिरवा, फ्रेम सगळ्या बाजूंनी कलती करा आणि दोन-तीन दिवस वाळू द्या. आत पातळ पापुद्रा धरतो आणि गंज थांबतो.

मापांपैकी चार मी स्वतः बघितल्याशिवाय पैसे देऊ देत नाही. हेड ट्यूबचा बोअर पहिला. आतून ३४ मिमी असेल तर फक्त सरळ स्टिअररचा (वर जाणाऱ्या नळीचा) फोर्क बसेल आणि आजचे चांगले फोर्क जवळपास सगळे टेपर्ड आहेत, वर २८.६ मिमी, खाली दीड इंच. वर ४४ खाली ५६ असेल तर काहीच प्रश्न नाही. वर-खाली ४४ असेल तरी टेपर्ड फोर्क बसतो, फक्त बेअरिंगचा खालचा कप बाहेर राहतो आणि पुढचं टोक सेंटिमीटरभर उचलतं. दुसरं, मागचा एक्सल. जुना १३५ क्विक रिलीज, मग १४२ बाय १२, आणि आता १४८ बाय १२, ज्याला बूस्ट म्हणतात. नवी बाइक बांधताना १४८ घ्या, चाकं त्यातच सहज मिळतात.

तिसरं, बॉटम ब्रॅकेट. आट्यांचं घ्या. शेल ७३ मिमी रुंद, आटे १.३७ इंच, इंचाला २४. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, हे विसरून कुणी पाना लावला तर शेलच खराब होतो. प्रेसफिट फ्रेममध्ये कप नुसते दाबून बसवतात. बोअर गोल आणि एका रेषेत असेल तर तेही वर्षानुवर्षं चालतं, पण बोअर जरा लांबट असला की चिखलपाण्यात करकर सुरू होते. प्रेसफिट फ्रेमच आवडली असेल तर बोअर व्हर्नियरनं (बारीक माप घ्यायच्या सरकपट्टीनं) आधी उभा मोजा, मग नव्वद अंशांत फिरवून आडवा मोजा. व्हर्नियरच्या काट्याला फरक दिसला तर ती फ्रेम घेऊ नका.

चौथं, हँगर. गीअरचा डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो ती दगडावर आपटून वाकते, आणि तशी ती वाकावी म्हणूनच बनवलेली असते. प्रत्येक कंपनीची वेगळी असली की एका पट्टीसाठी बाइक कितीतरी दिवस उभी राहते. गीअर बनवणाऱ्या स्रॅम कंपनीनं २०१९ मध्ये सगळ्यांसाठी एकच, यूडीएच नावाचा हँगर आणला आणि आता बहुतेक नव्या फ्रेमना तोच असतो. २०२३ मध्ये आलेली त्यांची ट्रान्समिशन गीअर बसवायची तर याच जागेची फ्रेम लागते. त्या महागड्या गीअरशी आपला संबंध नसला तरी सहज मिळणारा हँगर हवाच.

टायरची जागा विसरू नका. २.४ इंची टायर म्हणजे ६१ मिमी. काळ्या मातीसाठी दोन्ही बाजूंना सात-आठ मिमी मोकळे हवेत, म्हणजे टायर जिथं सर्वांत रुंद असतो तिथं चेनस्टेच्या आतलं अंतर ७५ च्या पुढे.

जुनी फ्रेम घेणार असाल तर रंगावर हात फिरवून काही कळत नाही. हेड ट्यूबखालचा डाउन ट्यूबचा जोड, सीट ट्यूबची वरची चीर, चेनस्टे शेलला मिळतो ती जागा आणि मागचा एक्सल बसतो ते ड्रॉपआउट, एवढ्या ठिकाणी फाउंड्रीतली जुनी तपासणी करा. जागा स्वच्छ धुवा, रॉकेल लावा, थोडं थांबून कोरडं पुसा आणि वर खडूची पूड फासा. भेग असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीवर बारीक ओली रेघ होऊन उमटतं. कधी तडा नुसत्या रंगाला असतो. शंका आली तर मालकाच्या परवानगीनं तेवढा रंग खरवडून परत बघा. मालक नाही म्हणाला तर फ्रेमही नको म्हणा.

मग दोरा. गवंडी वापरतात तो नायलॉनचा बारीक दोरा डाव्या ड्रॉपआउटला बांधा, पुढे नेऊन हेड ट्यूबला वळसा द्या, परत उजव्या ड्रॉपआउटला ताणून बांधा. आता सीट ट्यूबच्या दोन्ही बाजूंना दोऱ्यापर्यंतचं अंतर व्हर्नियरच्या शेपटीनं मोजा. दोन्हीकडे सारखं आलं की मागचा त्रिकोण सरळ. मिमीभर फरक चालवून घेता येतो. तीन मिमी असेल तर फ्रेम कधीतरी जोरात आपटलेली आहे. स्टील असेल तर जाणकार माणूस ती ओढून सरळ करू शकतो, ॲल्युमिनियम असेल तर परत करा.

फ्रेम घरी आली की हेडसेट (हेड ट्यूबमधली बेअरिंग) दाबण्याआधी हेड ट्यूबची दोन्ही तोंडं आणि शेलच्या कडा फेस, म्हणजे कापून सपाट, करून घ्या. तिथं रंगाचा थर राहिलेला असतो, त्यामुळे कप तिरका बसतो आणि बेअरिंग लवकर जातं. यासाठी फ्रेम लेथच्या चकमध्ये धरू देऊ नका. बोअरमध्ये मार्गदर्शक दांडा घालून फिरवायचा हाताचा फेसिंग कटर असतो, तोच वापरायला सांगा. नंतर हेड ट्यूब, शेल, मागचा एक्सल, सीट ट्यूब, हँगर आणि डिस्क ब्रेकचा माउंट यांची मापं एका कागदावर लिहा आणि पार्ट मागवताना तो कागद समोर ठेवूनच बोला. पहिल्याच ऑर्डरमध्ये एक जादा हँगर घाला.