जर्मनीत शिकायला निघालात? पहिल्या महिन्यातील या चुका टाळा

ऑगस्ट उजाडला की विश्रामबागेतील आमच्या घरी जर्मनीला निघालेली मुले आणि त्यांचे पालक येऊ लागतात. मी आखेनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेऊन सांगलीला परतलो, हे ठाऊक असल्यामुळे कोणी मिरजेहून येते, कोणी तासगावहून, आणि प्रश्न बहुतेक वेळा बॅगेचे वजन, प्रेशर कुकर आणि तिकीट यांविषयी असतात. डिसेंबरात त्याच मुलांचे फोन येतात तेव्हा अडचण कुकरची नसते. ती पत्त्याची, पत्रांची आणि परीक्षेच्या नोंदणीची असते. दरवर्षी तेच ऐकून वाईट वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पत्त्याची नोंदणी पुढे ढकलणे

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाचे सहीचे पत्र लागते. भाडेकरार दाखवून हे काम होत नाही. खोली ठरवतानाच ‘नोंदणीचे पत्र मिळेल ना?’ असे विचारून लेखी उत्तर घ्या. ‘खोली स्वस्त आहे, पण नोंदणी करता येणार नाही’ असे कोणी सांगितले, तर ती खोली स्वस्त नाही. एखाद्या ओळखीच्या मुलाच्या पत्त्यावर नुसते नाव लावून घेण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. प्रत्यक्षात न राहता केलेली अशी नोंदणी हा तिथे दंडनीय प्रकार आहे, आणि असला सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मी स्वतः नोंदणी वेळेत केली होती, तरीही 2017 च्या ऑक्टोबरपासून सहा आठवडे हाल सोसले, कारण पत्रपेटीवर माझे नाव नव्हते. आपल्याकडे पोस्टमन घर ओळखतो आणि नाव चुकले तरी शेजारी पत्र ठेवून घेतात. तिथल्या इमारतींच्या पत्त्यात बहुधा फ्लॅटचा क्रमांकच नसतो. पत्रपेटीवर आणि घंटीवर जे आडनाव असेल, त्यावरूनच पत्र टाकले जाते, नाहीतर परत जाते. मी ज्या घरात पोटभाडेकरू होतो, तिथल्या पेटीवर मूळ भाडेकरूचेच नाव होते. बँकेचे कार्ड एका पाकिटातून आणि पिन दुसऱ्या पाकिटातून, वेगवेगळ्या दिवशी येते. माझी दोन्ही पाकिटे परत गेली. त्या वर्षी ब्लॉक्ड अकाउंटात, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आगाऊ ठेवण्याच्या खात्यात, 8,640 युरो ठेवावे लागत आणि दरमहा त्यांतले 720 हाती येत, पण ते ज्या चालू खात्यात जमा होणार, ते वापरताच येत नव्हते. भाड्यासाठी वर्गातल्या एका तमिळ मित्राकडून उसने घेतले. वडिलांनी शेतावर कर्ज काढून ठेवलेले पैसे खात्यात असताना दुसऱ्यापुढे हात पसरावा लागला, ही गोष्ट मला आजही बोचते.

आता ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम वर्षाला 11,904 युरो आणि महिन्याला 992 युरो झाली आहे. बँका बदलल्या, बरीच खाती मोबाइलवर उघडतात, पण अकरा अंकी कर क्रमांक आणि विमा कंपनीची पत्रे अजूनही टपालानेच येतात. कर क्रमांक दिला नाही, तर अर्धवेळ नोकरीच्या पगारातून जास्त कर कापला जातो. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की किल्ली हातात पडली की बॅग उघडण्याआधी पांढऱ्या कागदावर पासपोर्टप्रमाणे आडनाव लिहा आणि मालकाला विचारून पेटीवर व घंटीवर चिकटवा. कागद व चिकटपट्टी मी सांगलीहूनच हातातल्या बॅगेत ठेवायला लावतो.

परीक्षेची वेगळी नोंदणी न करणे

आपल्या महाविद्यालयात परीक्षेचा अर्ज भरायची आठवण लिपिक करून देतो, वर्गशिक्षक करून देतात. तिथे विषयासाठी नाव नोंदवणे वेगळे आणि त्याच विषयाच्या परीक्षेसाठी नाव नोंदवणे वेगळे. कराडची एक अत्यंत हुशार मुलगी संपूर्ण सत्र एकही तास न चुकवता बसली, प्रयोगवही पूर्ण केली, आणि परीक्षेच्या दिवशी यादीत तिचे नाव नव्हते. मुदत डिसेंबरात संपलेली होती. तिने कार्यालयात विनवण्या केल्या. उत्तर सौजन्याने मिळाले, पण नकारार्थीच. त्या एका विषयापायी पुढचा प्रकल्प लांबला आणि अभ्यासक्रम सहा महिन्यांनी वाढला. विद्यापीठाच्या पोर्टलवर लॉगिन मिळाले की त्याच संध्याकाळी परीक्षा नियमावली वाचायला बसा, आणि नोंदणीच्या तारखा भिंतीवर लिहून लावा. वरच्या वर्गातल्या मुलाला विचारून भागवू नका, कारण त्याची नियमावली वेगळ्या वर्षाची असू शकते.

इतर काही चुका

खोली न पाहता अनामत पाठवू नका. फसवणारे लोक किल्ली कुरिअरने पाठवतो असे हमखास सांगतात. घरमालकाला तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून, म्हणजे काल्टमीटेहून, अधिक अनामत मागता येत नाही.

शनिवारी रात्री पोहोचू नका. रविवारी दुकाने बंद असतात आणि 3 ऑक्टोबरला राष्ट्रीय सुटी असते.

पहिल्याच आठवड्यात नोकरी शोधणारी मुले मला काळजीत टाकतात. वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येते, ही मुभा पुष्कळ आहे. कर्जाच्या हप्त्याची घाई समजू शकते, पण पहिले सत्र अभ्यासाला द्यावे.

रेडिओ-दूरदर्शनच्या वर्गणीचे पत्र जाहिरात समजून टाकून देऊ नका. ती घरामागे महिना 18.36 युरो आहे, माणसामागे नाही, म्हणून घरातील मुलांनी मिळून भरावी.

आणि साताऱ्याच्या आत्याने कितीही प्रेमाने दिले, तरी कंदी पेढे आणि तूप बॅगेत भरू नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे, आणि कस्टममध्ये ते काढून घेतले जातात. भडंग आणि मेतकूट न्यावे.