समीकरणांना उकली किती? गणिताच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी एक अनुभव

पदवीच्या पहिल्या वर्षी माझा ठाम समज होता की जितकी चले तितकी समीकरणे असली की उकल एकच निघते. शाळेत सोडवलेली बहुतेक एकसामयिक समीकरणे तशीच निघाली होती. पुढे एका चाचणीत क्ष + य = २ आणि २क्ष + २य = ४ ही जोडी आली; (२, ०) आणि (०, २) दोन्ही चालतात हे पाहून मी ‘उकली दोन’ असे लिहिले आणि ते चुकले. त्या दोन उकलींचा मध्यबिंदू (१, १) तपासला असता, तर तोही दोन्ही समीकरणांत बसतो हे तिथेच कळले असते. चले कितीही असोत, रेषीय समीकरणांच्या दोन वेगळ्या उकली सापडल्या की त्यांतून जाणाऱ्या रेषेवरचा प्रत्येक बिंदू उकल ठरतो. म्हणूनच वास्तव संख्यांत उकल एकही नसते, एकच असते किंवा उकली अनंत असतात. सारणीची (मॅट्रिक्सची) कोटी, म्हणजे रँक, काढायला शिकण्याआधी हा युक्तिवाद स्वतःच्या हाताने लिहून काढावा, असे मी आग्रहाने सांगेन.

बहुपदींच्या समीकरणांत रेषेचा हा आधार सुटतो, आणि मला खरी गोडी लागली ती इथे. बेझू या फ्रेंच गणितज्ञाने १७७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, दोन चलांतील दोन बहुपदींना सामाईक अवयव नसेल, तर उकलींची संख्या त्यांच्या कोटींच्या (इथे कोटी म्हणजे एका पदातील घातांकांची सर्वांत मोठी बेरीज) गुणाकाराहून जास्त होत नाही. य = क्ष² आणि क्ष = य² घ्या. आलेख काढला तर (०, ०) आणि (१, १) हे दोनच छेदनबिंदू दिसतात; पण एकाची किंमत दुसऱ्यात घातली की क्ष = क्ष⁴ मिळते, आणि क्ष³ = १ ची उरलेली दोन संमिश्र मुळे धरून चार उकली पुऱ्या होतात. दोन वेगळी वर्तुळे मात्र संमिश्र संख्या घेऊनही दोनापेक्षा जास्त बिंदूंत छेदत नाहीत, कारण त्यांची समीकरणे वजा केली की वर्गपदे उडून जातात. कोटींच्या २ × २ = ४ या गुणाकारातले उरलेले दोन बिंदू अनंतावर असतात आणि ते सर्व वर्तुळांना सामाईक असतात.

तेव्हापासून उकली मोजण्याआधी त्या कोणत्या संख्यांत शोधायच्या आहेत, हे मी वहीत पहिल्या ओळीवर लिहितो. आठाने भागून उरणाऱ्या बाकींमध्ये क्ष² = १ या साध्या समीकरणालाही १, ३, ५ आणि ७ अशा चार उकली आहेत, कारण तिथे २ आणि ४ यांपैकी एकही शून्य नसताना त्यांचा गुणाकार शून्य होतो.